सोळा ऑगस्टच्या बाई

प्रताप नगरच्या आमच्या चौकात औषधाचं एक दुकान आहे. दुकानदार चाळिशीचा, टक्कल पडलेला, दोन पोरांचा बाप. एकदा मी घाटोळे बाईंबरोबर तिथं रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला थांबलो, तर हा गृहस्थ काउंटरमागून ताडकन उठला, हात जोडले आणि म्हणाला, "बाई, ओळखलं काय? मी इंडोनेशिया!"

बाईंनी त्याला खालीवर पाहिलं. "हाव. भाषेचं काय केलं होतं रे इंडोनेशियानं?"

"बाई, शेकडो भाषा होत्या. सगळ्यात जास्त लोकांची होती ते नाही घेतली. बाजारात सगळ्यांले समजे, पण घरी थोडेच लोक बोलत, ते घेतली. म्हणजे कोणाले राग नोको."

"पाठ हाय अजून," बाई म्हणाल्या, आणि गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तपासायला लागल्या.

मी गणिताचा मास्तर. देशांना हातपाय फुटलेले मला खपत नाहीत. पण बाईंबरोबर एकाच स्टाफरूममध्ये एकवीस वर्षं काढली, त्यामुळे या नागपुरात मला रस्त्यानं जाता-येता घाना भेटलेला आहे, ब्रह्मदेश भेटलेला आहे, आणि एकदा हेल्मेट नाही म्हणून वर्धा रोडवर मला अडवणारा शिपाई अल्जीरिया निघाला. मी लगेच बाईंचं नाव पुढे केलं. तो हसला, नमस्कार केला, आणि म्हणाला, "सर, बाईंचीच शिकवण हाय. पावती फाडाच लागंन." हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा बाई इतक्या खूष झाल्या की दिवसभर येईल त्याला माझी फजिती ऐकवत होत्या. मला काही ते फारसं आवडलं नाही, खरं सांगतो.

बाईंना जाऊन आता आठ महिने झाले. त्यांच्या घरचं, माहेरचं, सासरचं मी काही सांगणार नाही. एक तर मला ते धड माहीत नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांनीच कधी सांगितलं नाही. माहीत आहे ते एवढंच, की त्या भिवापूरच्या, आणि डब्यात रोज भिवापुरी मिरचीचा ठेचा. नव्या मास्तरला त्या पहिल्या दिवशी आग्रहानं वाढायच्या आणि त्याचे डोळे पाणावले की म्हणायच्या, "काही नाही होत, शाळेत टिकान तुम्ही." कडक इस्त्रीची सुती साडी, उजव्या मनगटावर घड्याळ, आणि चष्मा. या चष्म्याकडे वर्गाचं लक्ष असायचं. निर्णय द्यायचा झाला की बाई तो नाकावरून उचलून कपाळावर ठेवायच्या. चष्मा वर गेला की विषय संपला.

नववी ब हा त्यांचा वर्ग. वसाहतींना स्वातंत्र्य कसं मिळालं हा धडा आमच्याकडे दोन मार्कांचा. बाईंनी त्याचं वर्षभराचं प्रकरण करून ठेवलं होतं. जुलैत एके दिवशी रिकामा डबा वर्गात फिरायचा. आत चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक देश. डब्याला ठेच्याचा वास, त्यामुळे चिठ्ठी काढताना निम्मा वर्ग शिंकायचा. ज्याला जो देश निघेल तो त्यानं समजून घ्यायचा आणि उभं राहून सांगायचा: राज्य कोणाचं होतं, ते गेले कसे, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं. या तिसऱ्या प्रश्नावर पोरं मार खायची.

"झेंड्याचं मले नोको सांगू," बाई म्हणायच्या. "झेंडा चढवाले दोन मिनिटं लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचं कुलूप कोणं उघडलं? कोर्टात कोण बसलं? नळाले पाणी आलं काय? ते सांग."

पोरं बिचारी लायब्ररी पालथी घालायची, मोबाइलवर शोधायची. ब्रह्मदेशानं ज्योतिषाला विचारून पहाटेचा मुहूर्त काढला, हे ऐकून वर्ग हसायचा. काँगोतून बेल्जियमवाले गेले तेव्हा अख्ख्या देशात पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते, हे ऐकून गप्प व्हायचा. गिनीची गोष्ट मात्र बाई स्वतः सांगायच्या. फ्रेंचांनी आपल्या वसाहतींना विचारलं, आमच्या छत्राखाली राहता का? गिनी म्हणाली, नाही. फ्रेंच असे काही चिडले, की जाताना म्हणे टेलिफोनसुद्धा भिंतीतून उपटून घेऊन गेले. "पाहा बाप्पा," बाई हात नाचवत म्हणायच्या, "एवढे मोठे साहेब लोक, अन् जाताना वायरी उपटून राहिले! येणं कोणालेही येते. जाणं शिका लागते."

आणि एक गंमत. फळ्याच्या कोपऱ्यात त्या दोन शब्द लिहून ठेवायच्या: 'तुमच्या भल्यासाठी'. दुनियेतल्या कुठल्याही साहेबाला विचारा, इथं कशाला बसलास, तर तो हेच सांगतो, असं त्यांचं म्हणणं. नववी ब मध्ये कोणीही हे शब्द उच्चारले, की सगळ्या वर्गानं बाकावर तीनदा थापा मारायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा परीक्षेविषयी बोलताना उच्चारले. थापा पडल्या. मुख्याध्यापक दचकले, आणि बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता सोळा ऑगस्ट. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली, की आम्ही सगळे घरी पळायचो. बाई दुसऱ्या दिवशी साडेसहालाच शाळेत. रविवार असो, काही असो. नववी ब हजर. मैदानात पडलेले कागदी झेंडे एकेक करून उचलायचे, घडी घालून ठेवायचे, फुलं झाडाखाली टाकायची, खुर्च्या आत न्यायच्या. "पंधरा ऑगस्ट सगळ्यांचा, सोळा आपला," असं त्या म्हणायच्या. मग हात धुऊन सगळे वर्गात, आणि तिथं बाई आपली खुर्ची उचलून मागच्या भिंतीला लावायच्या. त्या क्षणापासून नववी ब स्वतंत्र. पोरांनी सभा बसवायची, अध्यक्ष निवडायचा, मंत्री नेमायचे, वर्गाचं संविधान मंजूर करायचं, आणि वर्षअखेरपर्यंत ते पाळायचं. नुसतं नाटक नाही हो! पाळायचं म्हणजे पाळायचं.

याचा फटका मला बसलेला आहे. एका वर्षी या सरकारनं ठराव केला: गृहपाठ बंद. सगळ्या विषयांचा! इतिहासाचा बंद करा, भूगोलाचा करा, पण गणिताचा? मी तणतणत बाईंकडे गेलो. म्हटलं, हा काय पोरखेळ लावला आहे?

"मले काहून सांगून राहिले, सर? सभेले अर्ज द्या."

"बाई, मी यांचा शिक्षक आहे!"

"हाव नं. मंग शिक्षकासारखं समजावून सांगा त्याइले."

आणि मी, बावन्न वर्षांचा माणूस, चौदा वर्षांच्या अध्यक्षासमोर अर्ज घेऊन उभा राहिलो. बोलायला पाच मिनिटं मिळाली. साडेतीन मिनिटांत माझा आवाज चढला आणि अध्यक्षांनी मला खाली बसवलं. अर्ज नामंजूर. पुढच्या चाचणीत अर्धा वर्ग गणितात आपटला, तेव्हा त्याच सभेनं स्वतःचा ठराव स्वतः मागे घेतला, आणि वर माझ्याकडे एक मंत्री पाठवला, रोज पाचच गणितं द्या म्हणून. पुढच्या वर्षी दहावीत ती पोरं काय चमकली! मी बाईंना तसं बोललो नाही, पण त्यांना कळलं असावं. माझ्या डब्यात न मागता ठेचा आला.

पण एक गोष्ट मला खुपायची, आणि ती मी बोलून दाखवायचो. वर्गाचं संविधान दरवर्षी आधीच्या वर्गाच्या कागदावरून उतरवलं जायचं. पोरं वरची कलमं बदलायची, काढायची, घालायची. शेवटचं कलम मात्र कोणी हलवत नसे: 'वाद मिटला नाही तर बाईंचा निर्णय अंतिम.'

"म्हणजे तुम्ही व्हाइसरॉयच की," मी म्हणायचो.

"चूप बसा, सर. लेकरं हायत. कोणी तरी पाहिजे नं वर."

दुनियेला जाणं शिकवणाऱ्या बाई, आणि स्वतःचं पाऊल दारात अडकवून ठेवलेलं! त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर चष्मा कपाळावर ठेवायला त्यांना आवडायचं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी कळमेश्वरची एक पोरगी नववीत आली. स्नेहल तिचं नाव. बाप तिकडच्या एमआयडीसीत कामाला, पोरगी मामाकडे राहून शिकत होती. बारकी, तेल लावून चप्प वेण्या, वर्गात बोलायची नाही. तिला चिठ्ठी निघाली गिनीची.

त्या सोळा ऑगस्टला मी दाराशीच होतो. फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास घ्यायला आलो होतो, असं म्हणू. दरवर्षी मला त्या दिवशी काही ना काही घ्यायचं असायचंच. संविधानाचं वाचन चालू होतं. शेवटचं कलम आलं आणि स्नेहल उठली.

"अध्यक्ष महाराज, हे कलम कोणं मंजूर केलं?"

अध्यक्षानं बाईंकडे पाहिलं. बाई मागच्या भिंतीशी आपल्या खुर्चीत. "ते पहिल्यापासून हाय वं."

"पहिल्यापासून म्हणजे कोणं लिहिलं, बाई?"

"मी लिहिलं."

"मंग ते तुमचं झालं. आमचं नाही झालं नं." पोरीचा आवाज कापत होता, पण ती बसली नाही. "हे काढून टाकावं, असा माहा ठराव हाय."

बाई उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर गेला. मी मनात म्हटलं, झालं, संपला विषय.

"हे पाय पोरी," बाई म्हणाल्या, "ते मी काही माह्या हौसेसाठी नाही ठेवलं. तुमच्या भल्यासाठी..."

आणि थांबल्या. शब्द तर सुटून गेले होते. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. थाप मारायला कोणी धजेना. मग स्नेहलनंच, खाली मान घालून, बाकावर हात आपटला. एक. दोन. तिसऱ्या थापेला सगळा वर्ग होता.

बाईंचा चेहरा भिवापुरी मिरचीसारखा लाल झाला. त्यांनी चष्मा कपाळावरून काढला, नाकावर ठेवला, आणि खुर्चीत बसल्या. "घ्या मत," एवढंच म्हणाल्या. हात वर झाले. कलम गेलं.

स्टाफरूममध्ये त्या आल्या तेव्हा मी चहा पुढे केला. चिडवायची एवढी सुंदर संधी, पण तोंड बघून हिंमत झाली नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "मले त्या पोरीच्या कानाखाली लावावं वाटलं. खरंच सांगते. एवढी वर्षं लेकरांले सांगून राहिली, जाणं शिका, जाणं शिका. अन् मले खुर्ची सोडवत नाही! मी त्या साहेबाइले हसत होती."

"अहो, पोरं आहेत, उद्या विसरतील."

"नोको विसरू देऊ," त्या म्हणाल्या, आणि चहा न घेताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचा खोका घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, नातू झाला की काय. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना वाटली. कशाबद्दल, असं विचारलं की म्हणायच्या, "राज्य गेलं माह्यं!" लोक राज्य मिळालं म्हणून वाटतात, या बाई गेलं म्हणून वाटत होत्या. पहिला तुकडा मात्र नववी ब मध्ये जाऊन स्नेहलच्या हातावर ठेवला. पोरगी रात्रभर रडली असावी, डोळे सुजले होते. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडते काहून वं? माह्या पूर्ण नोकरीत एकच जण पास झाली, ते तू हायस."

एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण केलं नाही. नंतर मला नववी ब मध्ये घेऊन गेल्या आणि कपाटाची किल्ली हातावर ठेवली. आत सगळं जागच्या जागी: जगाचा जुना नकाशा, चिठ्ठ्यांचं पुडकं, घडी घातलेले कागदी झेंडे, खडूचं अर्धं खोकंसुद्धा. म्हटलं, नकाशा तरी घेऊन जा, तुमचा स्वतःचा आहे.

"मी टेलिफोन उपटून नेणाऱ्यातली नाही, सर," त्या म्हणाल्या. "सोळा ऑगस्टले फक्त खुर्ची मागं लावून द्या. बाकी त्याइचे ते पाहून घेतीन."

पुढच्या सोळा ऑगस्टला नववी ब माझ्याकडे होती. मी खुर्ची मागे लावली, आणि मनातून घाबरलो होतो. बाईंचं कलम नसलेलं संविधान या पोरांनी जसंच्या तसं घेतलं. नऊच्या सुमारास फाटकाशी ई-रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. तोवर प्रकृती बरीच उतरली होती. हातात काठी, पण साडीची इस्त्री तशीच. वर्गात आल्या नाहीत. मैदानातल्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसल्या आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

वर्गात नेमका घोळ झाला होता. ऑगस्टचा उकाडा आणि चांगला चालणारा पंखा एकच. त्याच्या खालच्या बाकावर कोणी बसायचं? रोज पाळी बदलावी असा एक पक्ष, आठवड्यानं बदलावी असा दुसरा. मतदान झालं: वीस आणि वीस. पुन्हा घेतलं. वीस आणि वीस. एक मूल तरी जास्त भरती करायला हवं होतं, असं माझ्या गणिती डोक्यात आलं, पण आता उशीर झाला होता. अशा वेळी काय करायचं याचं कलमच नव्हतं. आवाज वाढले. एकानं बाक ढकलला. आणि अध्यक्ष, नितेश नावाचा गोरामोरा झालेला पोरगा, खिडकीतून बाईंना पाहून थेट मैदानात धावला. मागोमाग दोन्ही पक्ष. त्यांच्यामागे मी.

"बाई, तुम्हीच सांगा आता! तुम्ही म्हणान ते मान्य. सगळे तयार हाय."

"हाव बाई, सांगा नं!" चाळीसच्या चाळीस जणांचं निदान एवढ्यावर तरी एकमत होतं.

बाईंचा हात वर गेला. मी बघत होतो. चष्म्याच्या काडीला बोटं लागली. सगळी पोरं त्या चष्म्याकडे बघत होती. बाईंना या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, हे मी पैजेवर सांगतो. एका वाक्यात सुटला असता, पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की ते वाक्य अगदी जिभेवर आलं आहे.

हात खाली आला. चष्मा नाकावरच राहिला.

"मले काहून विचारता रे?" त्या म्हणाल्या. "मी कोण? मी तर मागची राजवट. तुमचं राज्य, तुमचा पंखा. जा आत."

"पण बाई, मिटतच नाही हाय!"

"मंग मिटेपर्यंत बसा. जा."

पोरं हिरमुसून परत गेली. बाई काठी टेकत उठल्या. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चाललो. मागे नववी ब मध्ये पुन्हा पेटलं होतं. कोणी तरी ओरडत होतं, बाक वाजत होते, शेजारच्या वर्गाचे मास्तर दारात येऊन माझ्याकडे रागानं बघत होते. मला राहवेना.

"बाई, फार गोंधळ झाला आहे. मी आत जाऊन जरा..."

त्यांनी माझा हात धरला. घट्ट. त्या बोटांत एवढी ताकद अजून असेल असं मला वाटलं नव्हतं. फाटकाशी, शाळेकडे पाठ करून, त्या डोळे मिटून ऐकत उभ्या होत्या, आणि सगळा चेहरा हसत होता.

"गोंधळ नाही तो, सर," बाई म्हणाल्या. "सरकार बसलं हाय. तुम्ही इथंच थांबा."

आणि वळून न बघता ई-रिक्षात बसल्या.